बिनपात्याचा वस्तरा

१४ जून

प्रिय ताईस,

मधल्याचा सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. भाऊजींच्या पाठीवरची जखम सुकत आलीय हे वाचून बरं वाटलं. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची म्हणजे तुझी झोप किती होत असेल, ते मी काय सांगू? स्वतःच्या गुडघ्यांकडेही जरा बघ. मी ठणठणीत आहे. सलून चाललंय. दोन खुर्च्यांपैकी एकीचा पंप गेलाय, त्यामुळे गिऱ्हाईक बसलं की हळूहळू खाली जातं आणि कात्री घेऊन मी वाकत वाकत त्याच्या मागं जातो. शेवटी शेवटी आम्ही दोघंही आरशात दिसेनासे होतो.

रविवारी फोनवर तू दोनदा विचारलंस, "केंद्राचं काय झालं?" आणि मी दोन्ही वेळा उकाड्याचं बोललो. तुला राग आला असणार. पण फोन स्पीकरवर होता आणि आपला धाकटा, दुकानाचा लाडका 'मालक', मला खेटून बसला होता. तुझा आवाज खोलीभर घुमल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याच्यादेखत काय सांगणार कपाळ? म्हणून लिहितोय. त्याला वाचता येत नाही, हे वाक्य लिहितानासुद्धा मी एकदा मागं वळून बघितलं. दुपारचा झोपलाय.

तर ऐक. केंद्रातली त्याची जागा गेली. आठवड्याचे तिन्ही दिवस बंद, एक तारखेपासून. आणि ती मी घालवली.

नीट सांगतो, नाहीतर म्हणशील न्हाव्याच्या तोंडाला लगाम नाही आणि गोष्टीला शेंडा-बुडखा नाही. त्याच्यासारख्या, बुद्धीनं मागं राहिलेल्या माणसांना मदतीची किती गरज आहे ते तपासायला दर पाच वर्षांनी कार्यालयातून कुणीतरी येतं. मागच्या वेळी आई होती. तिनं तपासायला आलेल्या बाईंना स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि काय सांगायचं ते हळू आवाजात सांगून टाकलं. यंदा नियम बदललाय. जे बोलायचं ते त्या माणसासमोर, त्याच्या पाठीमागं एक शब्द नाही. चष्मा लावलेली एक तरुण मुलगी आली होती. मला म्हणाली, "काका, यांच्याबद्दल यांच्या डोक्यावरून बोलायचं नाही. तो त्यांचा हक्क आहे." मला तर आनंदच झाला. आयुष्यभर डॉक्टर काय नि शेजारी काय, सगळे तो म्हणजे कपाट असल्यासारखे त्याच्यासमोर माझ्याशी बोलत आले. हिनं त्याला 'अहो' म्हटलं. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी 'अहो' म्हणालं! तो असा ताठ बसला म्हणून सांगू!

पहिलाच प्रश्न, "दाढी कोण करतं तुमची?"

"मी करतो," मालक म्हणाला.

आणि उठून वस्तराच घेऊन आला. तुला ठाऊक आहे ना आपली तऱ्हा? मी त्याच्या तोंडाला फेस लावतो, तो वस्तरा हातात घेतो आणि आरशात बघून गालावरून फिरवतो. वस्तऱ्यात पातं नसतं. फेस निघतो, त्याला वाटतं झाली दाढी. मग मी म्हणतो, "मालक, फिनिशिंग तेवढं मी करू का?" तो मान डोलावतो, मोठ्या मनानं. त्या मुलीसमोर त्यानं सगळं करून दाखवलं. हात बघ कसा चालतो त्याचा, माझ्याकडे शिकायला आलेल्या एकाचाही असा चालला नाही. तिनं टॅबवर बरोबरची खूण केली.

"चहा करता?" "करतो." चल म्हणाला स्वयंपाकघरात. बारा वर्षांपूर्वी बाही पेटली तेव्हापासून मी गॅसची मुख्य चावी बंद ठेवतो. तो भांडं ठेवतो, बटण फिरवतो आणि कप आणायला वळतो. तेवढ्यात मी थर्मासमधला चहा भांड्यात ओततो. वळून बघतो तर चहा तयार! ताई, देवाशपथ सांगतो, त्या दिवशी माझ्या मनात काही नव्हतं. ती मान खाली घालून टाइप करत होती, तो कपांकडे वळला, आणि माझा हात आपोआप थर्मासकडे गेला. सवय. तिनं चहा प्यायला आणि म्हणाली, "छान झालाय."

"बसनं एकटे जाता?" "एकटाच. चार नंबर." जातो की. पुढच्या दारानं चढतो, ड्रायव्हरच्या मागं बसतो. मी मागच्या दारानं चढतो आणि शेवटच्या बाकावर पेपर तोंडासमोर धरून बसतो. केंद्राच्या फाटकात तो शिरला की परतीची बस.

शेवटी तिनं मला विचारलं, "यात तुम्हाला काही वेगळं सांगायचंय?" मालकानं माझ्याकडे बघितलं. मला सांग, मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हटलं, "नाही. सगळं करतो तो."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत आलो इतकी वर्षं, आता घ्या. पंधरा दिवसांत कागद आला. 'स्वतंत्र दैनंदिन जीवनास पुरेसे सक्षम.' मालकानं विचारलं काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. त्यानं तो कागद आरशाच्या कडेला खोचून ठेवलाय आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवतो.

आपल्या घरातला नियम तुझा होता, हे आठवतंय का तुला? तो नऊ वर्षांचा, मी सोळाचा. पाहुण्यांसमोर मी हसत म्हणालो, "त्याला चमचा धरता येत नाही." त्यानं चमचा खाली ठेवला तो महिनाभर उचलला नाही. तू मला जिन्यात गाठून कानाखाली वाजवलीस आणि सांगितलंस, "त्याच्यादेखत 'येत नाही' हा शब्द या घरात काढायचा नाही. 'आपण दोघं करू' म्हणायचं." त्यानंतर काढला नाही. आईनंही नाही.

आता रोज सकाळी आठला तो पिशवी खांद्याला लावून दारात उभा राहतो. मी म्हणतो, "आज सुट्टी." किती सुट्ट्या सांगणार? तिथं त्याला काम होतं ताई, तू कधी बघितलं नाहीस. भिंतीवर मोठा फळा, एका बाजूला घराचं चित्र, दुसऱ्या बाजूला केंद्राचं. बावीस जणांचे फोटो. जो येईल त्याचा फोटो घरातून काढून केंद्रात लावायचा, ही मालकाची हजेरी. एकदाही चुकला नाही. दुपारी कमरेएवढ्या उंच वाफ्यात माती खणायची, मुळे लावायचे. बुधवारी सगळे गोल करून बसायचे आणि चेहऱ्यांच्या पत्त्यांतून आपला आजचा चेहरा उचलायचे, हसरा, रडका, रागीट. कुणाचा रडका निघाला की त्याच्या शेजारी जाऊन कोण बसणार ते ठरलेलं असायचं, आपला मालक. घरी आल्यावर मला सगळ्यांचे चेहरे सांगायचा. केंद्रातल्या शिक्षिका म्हणतात, "तुमचा भाऊ नाही तर माझा अर्धा हात गेला." तरी त्या मला दटावतात, कारण मी अजून तिथं येणाऱ्या सगळ्यांना 'मुलं' म्हणतो. सभासद म्हणायचं. सगळ्यात थोरला सभासद त्रेसष्ट वर्षांचा आहे.

अपील करता येतं. बावीस जुलैला सुनावणी आहे. शिक्षिका म्हणाल्या, खरं खरं सांगा, जागा परत मिळेल, पण तो समोर असणार. नियमच तसा आहे. आता काय करू ते तू लिही. जागा हवी तर त्याच्यासमोर बोलावं लागेल, आणि बोललो नाही तर तो आयुष्यभर दारात पिशवी घेऊन उभा राहील. लवकर लिही. मला सुचेनासं झालंय.

तुझा,
मधला

५ ऑगस्ट

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार.

तोंड गोड कर. जिंकलो. तीन नाही पण दोन दिवस मिळाले, सोमवार आणि बुधवार. कागद हातात आहे, लाल शिक्का आहे, सगळं रीतसर आहे. केंद्रातल्या सगळ्यांनी मालक आत शिरल्याबरोबर टाळ्या वाजवल्या म्हणे. शिक्षिकांच्या डोळ्यात पाणी आलं.

तुझं पत्र सुनावणीच्या दोन दिवस आधी मिळालं. त्याच्या कानावर हेडफोन लावून गाणी ऐकवत बसवायची तुझी युक्ती चांगली होती. खरंच चांगली होती. मी नवे हेडफोन आणले, मोठे, कान पुरते झाकणारे. त्याला आवडले.

बाकी सुनावणीत काय व्हायचं? टेबल होतं, तीन माणसं होती, पाण्याचा जग होता. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. अर्धा-पाऊण तास. माणसं चांगली निघाली.

खुर्चीचा पंप बदलून घेतला. आता गिऱ्हाईक जागच्या जागी राहतं, तर मलाच चुकल्यासारखं वाटतं. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं मुलीच्या लग्नासाठी केस काळे करून घेतले आणि घरी गेल्यावर त्याच्या बायकोनं दार उघडलं नाही, ओळखलंच नाही म्हणे. तो परत आला आणि म्हणाला, थोडे पांढरे कर. आता पांढरे कसे करतात ते मला कुठल्या गुरूनं शिकवलंय?

मालक बरा आहे. झोप जरा वाढलीय. रविवारी फोनवर बोलला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, घसा धरला होता. तू विचारलंस दाढीचं, कुणी सांगितलं तुला? शिंप्याच्या बायकोनं असणार, तिला काही पोटात राहत नाही. हो, वाढवलीय त्यानं दाढी. आजकाल तरुण पोरंही वाढवतात. न्हाव्याच्या घरात दाढीवाला, लोक हसतात, हसू देत.

एवढंच. भाऊजींना नमस्कार. पायाला तेल चोळतेस का त्यांच्या?

तुझा,
मधला

२९ ऑक्टोबर

प्रिय ताईस,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तिसऱ्यात तू फक्त एक ओळ लिहिलीस, "काय लपवतोयस?" तीच बरी. लांब पत्राला उत्तर टाळता येतं.

मागच्या पत्रात सुनावणीचं लिहिलं त्यातलं एकेक वाक्य खरं आहे. टेबल होतं, जग होता, माणसं चांगली होती. चांगलीच होती म्हणून तर झालं.

आम्ही आत गेलो. मालकाच्या पायात चकचकीत बूट, डोक्यावर हेडफोन, मांडीवर पिशवी. मधोमध अध्यक्ष, पिकल्या केसांचा मऊ माणूस. एक डॉक्टरबाई. एक लिहून घेणारा. अध्यक्ष हसून म्हणाले, "ते काय आहे कानावर?" मी म्हटलं, गाणी आवडतात त्याला, असू द्या. ते म्हणाले, "नाही नाही, त्यांच्याबद्दलच बोलायचंय आपल्याला. त्यांना ऐकू द्या." आणि स्वतः उठून, टेबलाला वळसा घालून आले, मालकाला विचारलं, "काढू का?" मालक 'हो' म्हणाला. त्याला कुणी काही विचारलं तर तो 'हो'च म्हणतो.

मी आधी गोल गोल बोललो. "काही गोष्टी आम्ही दोघं मिळून करतो." डॉक्टरबाई म्हणाल्या, "म्हणजे नक्की काय? अहवालात लिहिलंय की दाढी हे स्वतः करतात."

"करतो. पण…"

"पण काय?"

"पातं नसतं त्यात," मी पुटपुटलो.

लिहून घेणारा म्हणाला, "जरा मोठ्यानं. नोंद व्हायला हवी."

मग मी मोठ्यानं सांगितलं. वस्तऱ्यात पातं नसतं. दाढी मी करतो.

मालक हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय, दुकानात करतो तशी. माझ्या दंडावर चापट मारून म्हणाला, "खोटं!" आणि अध्यक्षांकडे बघून हसला. ते नाही हसले.

पुढे गॅस. चहाचं सांगताना मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. तो मध्येच म्हणाला, "चहा?" मी थांबलो. "चहा पण?" मी म्हटलं, "थर्मासमध्ये असतो, मालक." त्यानं मांडीवरची पिशवी पोटाशी धरली. बसचं सांगितलं तेव्हा आणखी घट्ट. तुला वाटत असेल रडला असेल, आदळआपट केली असेल. केली असती तर मी थांबलो असतो.

एवढ्यावर जागा मिळाली असती, ताई. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं होतं, त्यांचं समाधान झालं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "किती करता हो तुम्ही. कधीपासून?" आणि मला काय झालं कोण जाणे. आई गेल्यापासून कुणी मला असं विचारलं नव्हतं. तूसुद्धा नाही. तू त्याची चौकशी करतेस, दुकानाची करतेस. माझ्या तोंडाला जी धार लागली ती थांबेना. अंथरूण ओलं होतं ते सांगितलं. संडासानंतर मला जावं लागतं ते सांगितलं. मी पाहिलेली मुलगी त्याला बघून उठून गेली, ते तिथं कुणी विचारलं होतं? तेही सांगितलं. तिघं माना हलवत होते. कुणी मला पाण्याचा ग्लास दिला. आणि मला हलकं वाटत होतं, हे तुला सांगायचं टाळत होतो मी तीन महिने. बरं वाटत होतं मला. तो माझ्या शेजारी बसला होता आणि मला बरं वाटत होतं. शेवटी मी म्हणालो, "त्याला काहीच येत नाही हो."

ते वाक्य नोंदीत आहे. कागदावर छापून आलंय.

बाहेर आलो. चार नंबर आली. मालक पुढच्या दाराकडे गेला नाही. मागच्या दारानं चढला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला, माझ्या जागेवर. मी त्याच्या शेजारी बसलो. घर येईपर्यंत त्यानं खिडकीतून बाहेरही बघितलं नाही.

घरी आल्यावर त्यानं वस्तरा काढला, उघडला, बोटानं चाचपला. मग माझ्या पेटीतला दुसरा काढला, त्याला पातं होतं. बोट कापलं. ओरडला नाही. माझ्यासमोर बोट धरून उभा राहिला, हे बघ म्हणून. तेव्हापासून दाढीला हात लावू देत नाही.

केंद्रात टाळ्या वाजल्या त्या खऱ्या. पण त्याच दिवशी शिक्षिकांनी त्याला फळ्याजवळ नेलं, "चला, हजेरी राहिलीय तुमची." तो म्हणाला, "मला येत नाही." त्यांना वाटलं लाजतोय. त्यांनी फोटो हातात दिला, कुणाचा आहे सांगा म्हणाल्या. तो त्याचा स्वतःचा फोटो होता. "मला येत नाही." वाफ्याजवळ खुरपं दिलं, "मला येत नाही." बुधवारी गोलात बसवलं तर पत्त्यांकडे बघितलं नाही. एकीचा रडका चेहरा निघाला, ती सवयीनं याच्याकडे बघत राहिली. हा दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिला. तीन महिने, सोमवारी आणि बुधवारी, ती एकच खुर्ची. शिक्षिकांनी सगळं केलं. मीही केलं. "हजेरी तर तुझी तू करायचास, मालक, त्यात मी कधीच नव्हतो," असं शंभरदा सांगितलं. तो माझं तोंड बघतो. त्याला आता हे कसं कळावं की कुठलं खरं होतं आणि कशात मी थर्मास घेऊन मागं उभा होतो?

घरात भरवावं लागतं. चप्पल पायात घालावी लागते. आधी घालायचा, ताई, ती खरंच तो घालायचा. सुनावणीत मी 'काहीच येत नाही' हे जे खोटं बोललो ते आता खरं झालंय, आणि जे खरं होतं तेही गेलं.

तू म्हणशील, नियम मोडलास. मोडला. पण एक सांगू? तू नियम घातलास आणि वर्षभरात लग्न करून गेलीस. पाळला आई आणि मी. त्याला चमचा धरता येत नव्हता तेव्हा आपण रडत बसण्यापेक्षा दहा वर्षं तो धरायला शिकवलं असतं, आणि जे येत नाही ते येत नाही म्हणून हसून सोडून दिलं असतं, तर? शिक्षिका तसं करतात. केंद्रात त्या सरळ म्हणतात, "तुम्हाला शिवता येत नाही, तुम्ही बटणं निवडा," आणि कुणाचं काही बिघडत नाही. आपल्याच घरात तो शब्द विषासारखा कुलूप लावून ठेवला आपण. मग मी तो सबंध बाटलीभर त्याला एका दिवसात पाजला. रागावू नकोस. तुझ्यावर ढकलत नाही. ढकलून कुठे जाणार आहे? इथं येऊन मला कानाखाली वाजवायलाही तुला सवड नाही, भाऊजींची कूस बदलायची असते.

गेल्या सोमवारी शिक्षिकांनी मला आत बोलावलं. पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हाच कळलं. 'सहभाग नाही' असं तीन महिने नोंदलं गेलं की जागा यादीतल्या पुढच्याला द्यावी लागते. पुढची एक तेहतीस वर्षांची मुलगी आहे, तिची आई रोज फाटकापाशी येऊन आत डोकावून जाते. मी त्या बाईला बघितलंय. अपील करता येईल, शिक्षिका म्हणाल्या. मी म्हटलं, नको, आता काय सांगू तिथं? सही केली. मालक दाराजवळच्या त्या खुर्चीतच होता. "चल," म्हटलं. उठला, आला. त्याला शिक्षिकांनी मिठी मारली, हात खाली सोडून उभा राहिला.

आता सकाळी आठला पिशवी घेऊन दारात उभा राहत नाही. तोच तर प्रश्न होता ना आपला? मिटला.

त्याला दुकानात नेतो, एकटं कसं ठेवणार? कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो. पूर्वीसारखं येणाऱ्या गिऱ्हाइकाला 'बसा, बसा' म्हणत नाही. आरशाच्या कडेचा तो कागद, 'पुरेसे सक्षम'वाला, मी काढून टाकला. त्यानं विचारलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, धीर धरा म्हणतात. मी धरतो. गिऱ्हाइकांशी बोलतो, जोक सांगतो, माझी जीभ काही बंद पडलेली नाही, तिचंच तर सगळं कर्तृत्व. फक्त आता त्याच्याशी काय बोलावं ते कळत नाही. "शाब्बास" म्हणायला भीती वाटते.

रविवारी फोन कर, पण "आज काय केलंस बाळा?" असं विचारू नकोस. नुसती बोल. भाऊजींचं सांग, तुमच्या खिडकीतलं सांग. तो ऐकतो की नाही मला माहीत नाही, पण स्पीकरपासून उठून जात नाही.

तू विचारलंयस, पाठवलेला शर्ट बसला का. निळा. बसला. खांद्यात, पोटात, अगदी मापाचा. तू त्याला आठ वर्षांत बघितलेलं नाहीस तरी माप चुकलं नाही. काल मी त्याला तो घातला आणि दुकानात नेलं. शिंपी दाढीला आला होता, त्याला कापडातलं कळतं. म्हणाला, "वा मालक! काय शोभतोय शर्ट तुम्हाला!" मालकानं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघत राहिला. मी कात्री खाली ठेवली. म्हटलं, "खरंच, मालक. खरंच शोभतो. शपथ." त्यानं खाली बघितलं, बटणं धरून ओढली, दोन तुटली. शर्ट काढून स्टुलावर ठेवला आणि तसाच उघडा बसून राहिला, दुकान बंद करेपर्यंत.

त्याला तो खरंच शोभत होता, ताई. एवढं तरी तू माझं खरं मान.

तुझा,
मधला